काचेचा भाव नंतर, आधी स्लॅबचा विचार करा

भातकुलीकडे घरं भिंतीला भिंत लागून असली, की मधल्या खोलीत भरदिवसाही बल्ब लागतो. छतातून उजेड घ्यावा वाटणं रास्तच आहे, पण भाव फक्त काचेचा विचारला जातो. खरा पैसा जातो स्लॅब कापण्यात, कडेला आधार देण्यात, भोकाभोवती कठडा उठवण्यात आणि वॉटरप्रूफिंगमध्ये. इंजिनिअरला विचारल्याशिवाय सळई कापूच नका. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. घर हललं की भोकाच्या कडेचे सांधे आधी उघडतात.

दुसरा खर्च उन्हाचा. मे अखेरीस दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. 2 बाय 2 फुटांच्या साध्या आडव्या काचेतून तेव्हा सुमारे 300 वॅट उष्णता आत येते. मग बल्बच बरा, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. छतावर उंचावून उत्तरेकडे तोंड करून उभी काच बसवा. उजेड दिवसभर, ऊन उन्हाळ्यात फक्त सकाळ-संध्याकाळ थोडं. टिनाच्या घरात तर एक पत्रा बदलून यूव्ही थराचा पॉलिकार्बोनेट टाकला की झालं. साधा फायबर स्वस्त, पण लवकर पिवळा पडतो.

छताचा प्रकार आणि खोलीचं माप लिहून विचारा.