‘कायरोप्रॅक्टिक’ आणि ‘हाडवैद्य’

१८९५ साली अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी कायरोप्रॅक्टिकचा पाया घातला. या संज्ञेचे पूर्वपद ग्रीक ‘खेइर’, म्हणजे हात. संस्कृत ‘हस्त’ व त्यापासून आलेला मराठी ‘हात’ हे त्याच मूळ धातूचे वंशज होत. म्हणून ‘हाडवैद्यक’ हा प्रतिशब्द योजण्याचा मोह होतो, तो टाळावा.

कायरोप्रॅक्टिकचे मुख्य क्षेत्र पाठीचा कणा हे होय. पामर लसीकरणाचे विरोधक असल्याने सार्वजनिक आरोग्याशी या पंथाचे प्रारंभी वैरच होते. पुढे १९९५ मध्ये अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनमध्ये त्याचा स्वतंत्र विभाग झाला; २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत ताज्या अस्थिभंगावर कण्याची हाताळणी निषिद्ध मानली आहे.

उलट, नांदेड-लातूरकडे हाडवैद्य गाठावयाचा तो बहुधा मोडलेले हाड ‘बसविण्या’साठी. ही परंपरा जुनी आहे. सुश्रुताने संधिमुक्ताचे सहा व कांडभग्नाचे बारा प्रकार सांगितले. बंध सैल राहिल्यास सांधा स्थिरावत नाही, फार आवळल्यास सूज, वेदना व पाक होतो, असेही बजावले. रक्तप्रवाह थांबल्यास अवयवच गमवावा लागतो.

१९७८ च्या अल्मा-आटा घोषणापत्राने पारंपरिक उपचारकांना, आवश्यकतेनुसार व योग्य प्रशिक्षणासह, प्राथमिक आरोग्यसेवेत स्थान दिले. हे प्रशिक्षण बोलीतूनच व्हावयास हवे. ‘मुरगळणे’, ‘निखळणे’ आणि ‘मोडणे’ यांतील भेद लोकभाषा जाणते. ‘हाड बसविणे’ हा प्रयोग मात्र तो पुसून टाकतो. पट्टीखालची बोटे काळीनिळी वा बधिर होताच रुग्णालय गाठावे, ही सूचना म्हणूनच याच शब्दांत द्यावी.