आणि वारसांची

संपादकांना ‘स्पेनमधलं एखादं जुनं राजधानीचं शहर’ हवं होतं. मी बोरिवलीहून विरार लोकल पकडली आणि वसईला उतरलो. ही थाप नाही. १५८० ते १६४० अशी साठ वर्षं पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचे राजे होते आणि वसई ही पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी. कारभार पोर्तुगीजांचाच राहिला, पण फिलिप दुसरा, तिसरा आणि चौथा हे ओळीने आमच्या बोरिवलीचेही राजे होऊन गेले. मंडपेश्वरच्या लेण्यात तेव्हा चर्च होतं. अंधेरीत सीप्झच्या आवारात जे पडकं चर्च आहे, ते १५७९ चं.

इतिहास पाठ्यपुस्तकातलाच. मोगलांची धास्ती घेतलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना लिहून दिली. पुढे मुंबई आंदणात इंग्रजांकडे गेली, साष्टी मात्र वसईच्याच ताब्यात राहिली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. इथली एक घंटा आज नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे.

स्पेनशी जुळलेला खरा माणूस म्हणजे गोन्सालो गार्सिया. १५५७ च्या सुमारास वसईत जन्मलेला हा मुलगा जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापारही केला. मग स्पेनच्या ताब्यातल्या मनिलात तो फ्रान्सिस्कन झाला आणि दुभाष्या म्हणून जपानला परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला क्रुसावर चढवलं. १८६२ मध्ये तो संत ठरला.

पण मी अडकलो किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीशी. छप्पर कधीच गेलंय, वर नुसतं आभाळ. खाली कबरींच्या फरश्या एकीला एक लागून. उकिडवा बसून बाटलीतलं पाणी ओतलं की झिजलेली अक्षरं काळी होऊन वर येतात. शब्दांना शब्द चिकटलेले, ओळ संपली की शब्द मधेच तुटलेला. मजकुराचा साचा ठरलेला: ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची. सातबाराच म्हणा ना! माणूस मेल्यावरही जागा घरातच राहावी, याची केवढी काळजी. आणि १७३९ मध्ये ते वारस तहाप्रमाणे सामानसुमान घेऊन गलबतांत बसले ते बसलेच. मागे राहिले त्यांचे शब्द: चावी, पगार, बटाटा, घमेलं. ते मात्र आपण हक्काने वापरतो.

किल्लाबंदर गावाची वाट किल्ल्यातूनच जाते. दर्यादरवाजाच्या पलीकडे वलांडीवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून लटकत होते. खाली पडलेले उचलणाऱ्या बाईंना विचारलं, “मावशी, आतल्या दगडांवरची अक्षरं कधी वाचलीत?”

“वाचायचंय काय त्यात?” हात न थांबवता त्या म्हणाल्या. “पावसात निसरडं होतं तिथं. पाय जपून टाका.”

शहर पडलं त्याचं मला फारसं दुःख नाही. पडझडीलाही एक रुबाब असतो. काळजी वाटते ती पिंपळाची. चुन्याच्या भेगेत रुजलेलं बोटाएवढं रोप दहा वर्षांत कमान उसवतं. वरून छाटलं तर आत मूळ जाडच होत जातं, आणि मूळ काढायचं तर आधी दगड काढावा लागतो. पुरातत्त्व खात्याची निळी पाटी आहे, डागडुजीही होते. पण एवढ्या तटाला माणसं पुरायची कशी? संत जोसेफच्या मनोऱ्यात खिळ्याने कोरलेल्या बदामांची गर्दी, झाडीत बाटल्या. कोल्डप्लेच्या गाण्यात हा किल्ला दिसल्यापासून जग इथे येतं आणि सेल्फी घेऊन जातं. फरश्यांवरून तर सगळेच चालतात. मीही चाललो. एका दगडावर नाव पार पुसलंय, ‘वारसांची’ तेवढं लागतं.

ते बोटाने चाचपत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला. लग्नाआधीचं शूटिंग चाललं होतं. नवरीचा झगा फरशीवर पसरायचा होता.

“काका, जरा बाजूला व्हा ना. फ्रेममध्ये येताय.”

झालो.