नावात लेझर, पोटात रिमोट

खेळण्यांच्या दुकानांत ‘लेझर टॅग’ नावाचे संच मिळतात. दोन किंवा चार बंदुका, कधी सोबत छातीवर बांधायचे जाकीट. चाप ओढला की समोरच्याचे जाकीट आवाज करते, दिवे लुकलुकतात. गोळी नाही, छर्रा नाही. मग नेम लागला हे जाकिटाला कळते कसे? मूल विचारते आणि आपण “यंत्र आहे ते” म्हणून वेळ मारून नेतो. वास्तविक उत्तर सोपे आहे.

घरगुती संचात बहुधा लेझर नसतोच! नळीत असतो तो टीव्हीच्या रिमोटमधला इवलासा दिवा. त्यातून अवरक्त किरण निघतात. विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने १८०० साली शोधलेले हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. नळीच्या तोंडाशी असलेले भिंग ते पसरू न देता सरळ पुढे पाठवते.

पण अवरक्त किरण उन्हातही असतात. मग जाकीट फसत कसे नाही? बंदुकीतला दिवा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा उघडझाप करतो. जाकिटावरच्या काळसर खिडकीमागचा ग्राहक एवढ्या वेगाची उघडझापच ओळखतो, बाकीचा प्रकाश सोडून देतो. या उघडझापीचे लहान-मोठे तुकडे म्हणजे सांकेतिक निरोप. ‘मी अमुक गटाचा’ एवढे त्यात असते. निरोप विरुद्ध गटाचा असेल तर आतली चिप एक ‘जीव’ वजा करते. जीव संपले की बंदूक बंद.

यावरून खेळातल्या तक्रारीही उलगडतात. भर उन्हात नेम जवळूनच लागतो, कारण उन्हाच्या झोतात निरोप बुडतो. आरशावरून किरण उलटतात, म्हणून भिंतीआडचाही ‘मरतो’. ग्राहकावर हात ठेवणारा गडी मात्र लबाडी करतो!

घरी एक प्रयोग करा. अंधारात फोनचा पुढचा कॅमेरा बंदुकीसमोर धरून चाप ओढा. बहुतेक फोनच्या पडद्यावर जांभळट ठिपका चमकेल. मात्र भिंतीवर नुसत्या डोळ्यांना बारीक, तीव्र लाल किंवा हिरवा ठिपका दिसला, तर त्यात खरा लेझर आहे. असे खेळणे आणि जत्रेत मिळणारे लेझर पॉइंटर मुलांच्या हाती देऊ नका. जोरदार लेझरने डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होते.

दुसरा धोका किरणांचा नाही, आकाराचा आहे. एप्रिल १९८७ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील रँचो कुकामोंगा येथे रात्री हा खेळ खेळणाऱ्या १९ वर्षांच्या तरुणाला पोलिसाने गोळी घातली. हातातले खेळणे त्याला खरे शस्त्र वाटले होते. तरुण प्राणास मुकला.

तेव्हा पालकांनो, भडक रंगाचा, खेळणे म्हणून लांबूनच ओळखू येणारा संच निवडा. खेळ घरात किंवा अंगणात, उजेडी होऊ द्या. आणि मुलाने “हे कसे चालते?” विचारले, तर रिमोट हातात घेऊन समजावून सांगा.