देहूतला दुष्काळ
संकट आले की आपण देवाला हाक मारतो आणि मागतो काय, तर गेलेले परत दे. तुकोबांनी काय केले, पाहा. १६३० च्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. वाण्याच्या घरात अन्नान्न दशा! तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन विठ्ठलाला आळवीत बसले. मग मोडकळीस आलेले त्याचे देऊळ त्यांनी दुरुस्त केले. घरात पिढीजात सावकारीची खते होती. परंपरा सांगते, धाकट्या कान्होबांचा वाटा त्यांना देऊन आपली निम्मी खते तुकोबांनी इंद्रायणीत सोडली. दुष्काळाने आधीच नागवलेल्या त्या देणेकऱ्यांच्या दारी आता तुकोबा वसुलीला जाणार नव्हते.