व्हॉल काढू नका!

कूलंट भरायचं काम आज घ्यायचं ठरलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. नाशिकच्या एका वाचकांनी विचारलंय, "गाडी कसारा घाटात गरम होते. मेकॅनिक म्हणतो, आपल्याकडे थंडीच नाही, व्हॉल काढून टाकू. काढू द्यावा का?" व्हॉल म्हणजे थर्मोस्टॅट. कूलंट उतरवल्यावरच तो सहज हाताशी येतो, त्यामुळे भरण्याआधी त्याचा निकाल लागलेला बरा.

अजिबात काढू देऊ नका.

थर्मोस्टॅटच्या पोटात एक छोटी धातूची डबी असते आणि तिच्यात मेण. ठरावीक तापमानाला मेण वितळतं, फुगतं आणि झडप ढकलून उघडतं. अमेरिकेतल्या सर्गियस व्हर्नेट यांनी १९३०च्या दशकात काढलेली ही युक्ती आजही बहुतेक गाड्यांत आहे. ना वायर, ना मोटर. मला तर इंजिनातला हा सगळ्यात देखणा भाग वाटतो.

इंजिन गार असताना झडप बंद असते. कूलंट रेडिएटरकडे न जाता बायपासमधून इंजिनातच फिरतं, म्हणून इंजिन लवकर तापतं. पुष्कळ इंजिनांत मुख्य झडप उघडली की तिच्याच खालची चकती बायपासचं तोंड बंद करते आणि सगळं कूलंट रेडिएटरकडे वळतं. व्हॉल काढला की ही चकतीही गेली. बायपास कायमचा उघडा राहतो आणि काही गरम कूलंट रेडिएटर न बघताच इंजिनात परततं. अशी गाडी भर उन्हात घाट चढताना उलट जास्तच तापते!

सपाट रस्त्यावर नेमकं उलटं होतं. इंजिन नीट तापतच नाही. सेन्सर 'गार आहे' असं सांगतो, म्हणून ईसीयू पेट्रोल जास्त सोडतो. अॅव्हरेज घसरतं, ऑइलमधली वाफ उडून न गेल्याने गाळ धरतो आणि सिलिंडरची झीज वाढते. थंडी असो वा नसो, इंजिनाला ८०-९० अंश हवेतच.

व्हॉल खराब आहे का, हे स्वयंपाकघरात कळतं. त्याच्या अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, व्हॉल दोऱ्याने असा टांगा की तळाला टेकणार नाही, आणि शेजारी १०० अंशांपर्यंतचा थर्मामीटर धरा. आकड्याच्या आसपास झडपेच्या कडेला बारीक फट दिसू लागते. ८२ वाला साधारण ९५ला पूर्ण उघडायला हवा. पाणी खळखळून उकळलं तरी हलला नाही, किंवा गार असतानाच उघडा दिसला, तर नवा आणा, तोही त्याच आकड्याचा.

बसवताना गॅस्केट किंवा ओ-रिंग नवीच घाला. चकतीवर डुगडुगणारी छोटी पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा. अडकलेली हवा तिथूनच निघते. आणि नाशिककरांनी घाटातल्या तापण्यासाठी रेडिएटरचा पंखा, झाकण आणि आतला गाळही तपासावा.

पुढच्या आठवड्यात कूलंट भरू आणि हवा काढू. तो लेख वाचल्याशिवाय ड्रेन कॉकला हात लावू नका.