वृक्कविकार, गुरांतील

वृक्कविकार, गुरांतील : प्रौढ गायीबैलांच्या मूत्रपिंडांना (वृक्कांना) होणारे दाहजन्य, विषजन्य व अश्मरीजन्य (मूतखड्यामुळे होणारे) विकार. गुरांचे मूत्रपिंड सु. २० खंडिकांचे बनलेले असते. त्याची राखीव कार्यक्षमता मोठी असल्याने सु. दोनतृतीयांश भाग निकामी होईपर्यंत रक्तातील यूरिया व क्रिॲटिनीन यांचे प्रमाण सहसा वाढत नाही. त्यामुळे विकार लवकर ओळखण्यासाठी मूत्राची तपासणी अधिक उपयुक्त ठरते.

लक्षणे : भूक मंदावणे, दूध घटणे व खंगत जाणे ही लक्षणे इतर अनेक रोगांतही दिसतात. पाठीला बाक काढून वारंवार थोडीथोडी लघवी करणे, शेपटी हलविणे, पोटाला लाथा मारणे आणि मूत्रात रक्त, पू वा गाठी दिसणे ही मूत्रमार्गाच्या रोगाची सूचक लक्षणे होत. गायीचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे विशेषतः विण्यानंतर कोरिनेबॅक्टिरियम रेनेल हे जंतू मूत्राशयातून वर चढून मूत्रपिंडाचा पूययुक्त दाह निर्माण करतात. त्यावेळच्या कळा पोटशूळ समजल्या जाण्याचा संभव असतो.

निदान : मूत्र स्वच्छ परीक्षानलिकेत स्थिर ठेवल्यास रक्तमूत्रातील तांबड्या पेशी तळाशी बसतात व वरचा द्रव स्वच्छ होतो. गोचीडताप किंवा विण्यानंतरची फॉस्फरस-न्यूनता यांत तांबड्या पेशी फुटून हीमोग्लोबिन मूत्रात उतरते व मूत्र सारखेच लाल वा कॉफीच्या रंगाचे राहते. मूत्रातील प्रथिने, पूपेशी व जंतू यांची तपासणी करतात. डावे मूत्रपिंड रोमंथिकेच्या दाबाने उजवीकडे सरकलेले असल्याने पशुवैद्यास गुदद्वारातून हात घालून ते चाचपता येते. ते सुजलेले व दुखरे असून खंडिकांमधील खाचा बुजलेल्या आढळल्यास निदानास बळकटी येते.

मूतखडा : हा प्रामुख्याने बैलांत त्रासदायक ठरतो. लहान वयात खच्ची केलेल्या बैलाचा मूत्रमार्ग अरुंद राहतो व शिश्नाच्या इंग्रजी एस अक्षरासारख्या बाकात खडा अडकतो. बैल कुंथतो, परंतु लघवी थेंबथेंब होते किंवा मुळीच होत नाही. मूत्राशय फुटल्यास कुंथणे थांबून जनावरास आराम पडल्यासारखे वाटते. हा आराम फसवा असतो; पुढे पोट दोन्ही बाजूंनी फुगते व उपचार न झाल्यास काही दिवसांत मृत्यू येतो. म्हणून लघवी तुंबताच त्याच दिवशी पशुवैद्यास बोलवावे.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील परिस्थिती : प्रवरा व गोदावरी नद्यांच्या कालव्यांखालील संगमनेर, राहुरी, राहाता, कोपरगाव या तालुक्यांत ऊस व संकरित गायींचे दूध हे जोडीचे व्यवसाय आहेत, पाथर्डी, जामखेड, कर्जत हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. २०१२-१३ व २०१८-१९ या दुष्काळांत जिल्ह्यात चारा छावण्या उघडण्यात आल्या होत्या. टंचाईत गुरांना मोठ्या प्रमाणावर उसाचे वाढे घातले जाते. त्यात ऑक्झॅलेटे असतात. रोमंथिकेतील सूक्ष्मजंतू सवयीने त्यांचे विघटन करतात; परंतु उपाशी जनावराने एकदम अति ऑक्झॅलेटयुक्त चारा खाल्ल्यास रक्तातील कॅल्शियम घटते व कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे स्फटिक मूत्रपिंडाच्या नलिकांत साचू शकतात. रानातील घाणेरीची पाने यकृताबरोबर मूत्रपिंडांनाही अपायकारक असतात.

प्रतिबंध व उपचार : वाढे हळूहळू वाढवीत, इतर चाऱ्यात मिसळून, चुन्याची निवळी शिंपडून द्यावे. खनिज मिश्रण, मीठ व सदैव मुबलक पाणी द्यावे. विण्याच्या वेळी स्वच्छता पाळावी. जंतुजन्य दाहात पेनिसिलीन दोन ते तीन आठवडे चालू ठेवावे लागते. मूत्र स्वच्छ दिसताच ते बंद केल्यास रोग उलटतो. अडकलेला खडा बहुधा शस्त्रक्रियेने काढावा लागतो.