झाडे, पाणी आणि जमिनीतले मीठ

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी हे गाव मराठवाड्याच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात आहे. या भागात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा मुलखात कालव्याचे पाणी म्हणजे वरदानच. जायकवाडी धरणाचे उद्‌घाटन १९७६ साली झाले आणि त्याच्या डाव्या कालव्याने जालना व परभणी जिल्ह्यांत पाणी आणले. परंतु काळ्या रानाला बेसुमार पाणी दिले आणि निचरा नसला, तर काही वर्षांतच जमिनीवर पांढरी पूड फुलते, पीक खुरटते. हे मीठ येते कोठून?

काळ्या मातीचे कण अतिसूक्ष्म असतात. त्यांच्यामधल्या पोकळ्या केसासारख्या बारीक नळ्यांचे काम करतात. नळीची त्रिज्या मिलिमीटरचा शंभरावा भाग असेल, तर केशाकर्षणाने पाणी सुमारे दीड मीटर चढते. पृष्ठताणाचे सूत्र वापरून हे गणित अवश्य करून पाहा. म्हणजे भूजल इतके वर आले, की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे ते पृष्ठभागाशी पोचते. उन्हाने पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. लिटरमध्ये अर्धा ग्रॅम क्षार धरला, तरी एक हेक्टर जमिनीतून १० सेंटिमीटर पाणी उडाले, की ५०० किलोग्रॅम क्षार साठतात!

येथे झाड कामी येते. त्याची मुळे खोलवरचे पाणी ओढतात आणि पाने बाष्पोच्छ्‌वासाने ते हवेत सोडतात. भूजल खाली जाते आणि ‘वात’ तुटते. सावली व पालापाचोळा यांमुळे जमिनीवरून होणारे बाष्पीभवनही कमी होते. पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हासाठी रान तोडल्यावर याच्या उलट घडले: भूजल चढले, ओढे खारट झाले. वुड या रेल्वे अभियंत्याने १९२४ साली हा संबंध दाखवून दिला.

चोपण जमिनीत सोडियममुळे माती घट्ट बसते, पाणी मुरत नाही. मुळांचा श्वास व कुजणारा पाला यांतून कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याने चुनखडी विरघळते आणि सुटलेले कॅल्शियम सोडियमला हुसकावते. बाभूळ व करंज अशा जमिनीत तग धरतात.

पण झाड म्हणजे जादूची कांडी नव्हे. ते पाणी उचलते, बहुतेक क्षार मात्र मुळांपाशीच सोडते. ते धुऊन न्यायला पावसाचे पाणी आणि निचऱ्याचे चर हवेतच. शिवाय जेथे विहिरी आधीच खोल गेल्या आहेत, तेथे दाट निलगिरी लावणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना! कालव्याकाठच्या पाणथळ रानाला पाणी उपसणारे झाड हवे. उघड्या माळाला बांध, चर आणि मोजकी स्थानिक झाडे हवीत.

तुमच्या गावात कोणते दुखणे आहे? शिक्षकांना बरोबर घेऊन झाडीजवळच्या आणि झाडीपासून दूरच्या अशा दोन विहिरी निवडा. काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर दोरीने मोजा आणि दर महिन्याला वहीत नोंदवा. वर्षभराच्या नोंदींचा आलेख काढा. मग कोठे, कोणते आणि किती झाड लावायचे, याची चर्चा गावात नुसत्या उत्साहावर न होता मापांवर होईल.